पाळीवरचे दिवे

दयारामजी पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांनी टेबलावर नऊ काडीपेट्या मांडल्या. एका ओळीत, सारखं अंतर ठेवून. प्रत्येक पेटीवर बॉलपेनानं खांबाचा नंबर लिहिलेला. मला वाटलं, फ्यूजच्या तारेचे नमुने असतील. पहिली पेटी उघडली आणि मी खुर्ची मागे सरकवली. आत मेलेली पाखरं होती. पतंग, काळे टणक किडे, एक हिरवा टोळ, आणि तळाशी पंखांचा भुगा.

"हे एका रातीचं आहे, मॅडम. नऊ खांब, नऊ पेट्या. सकाळी झाडून आणलं."

"मग मी काय करू याचं?"

"काही नोका करू. पाहा फक्त. पाहाले कोणी पगार कापत नाही."

मी तेव्हा पवनी तालुक्यातल्या गावांच्या रस्त्यांवरचे दिवे तपासायच्या कामावर नवीन लागले होते, कंत्राटी. माझे वडील राइस मिलमध्ये पोती वाहत. आमच्या घरात विजेचं बिल नुसतं भरलं जाई. ते वाचून त्यातली चूक काढणारी मी पहिली. इलेक्ट्रिकलची डिग्री मी घासून मिळवलेली आहे आणि ते सांगताना मी मान खाली घालत नाही. त्यामुळे सातवी शिकलेला एक ग्रामपंचायतीचा वायरमन मला किडे दाखवायला आला, हे त्या दिवशी मला जरा लागलंच. मी पेट्या त्यांना परत केल्या. त्यांनी त्या तशाच क्रमानं पिशवीत भरल्या आणि म्हणाले, "घाई नाही. पेट्या रोज भरते."

दयारामजी पिंपळबोडीचे. गाव मोठं नाही. गावाला लागून तलाव, तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जुन्या चिंचा, आणि त्या पाळीवरूनच गावात येणारा रस्ता. एसटी पाळीच्या त्या टोकाला थांबते, गाव या टोकाला आहे. मधलं अंतर चालायला आठ-दहा मिनिटं लागतात. चिंचांवर दिवसभर वटवाघळं उलटी टांगलेली असतात, एवढी की लांबून वाटतं झाडाला काळी फळं लागली. दिवस बुडाला की ती सगळी तलावावरून उडून जातात. गावातल्या कोणालाही त्याचं कौतुक नव्हतं. वास येतो, रस्ता घाण होतो, एवढंच.

वायरमन माणूस रस्त्यानं चालतो तो मान वर करून, तारा पाहत. दयारामजी मान खाली घालून चालत. खांब आला की बुडाशी थांबत, पायानं पाला सारत, वाकून पाहत. शिंप्याच्या कानावर पेन्सिल असते तसा त्यांच्या कानावर टेस्टर. खाकी शर्टाच्या खिशात पक्कड, दुसऱ्या खिशात काडीपेटी. ते बिडी ओढत नसत. नवीन माणूस विस्तव मागायला हात पुढे करी आणि पेटी उघडून दचके. घरी एकच दिवा, त्यालाही तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून केलेली टोपी. त्यांच्या पत्नी, काशीबाई, मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "पाहा मॅडम, गावाले उजेड देते हा माणूस, अन् मी भाजीत मीठ चाचपून टाकतो." दयारामजी आतून ओरडले, "मीठ कमी आहे म्हून सांगाले उजेड कायले पाहिजे? जीभ आहे ना!"

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मी एकदा विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. काही वर्षांपूर्वी गावाच्या शेवटच्या खांबावर त्यांनी हौसेनं मोठा पांढरा दिवा चढवला. गाव खूश. दिवाळी आली. आजूबाजूचं सगळं धान लोंबीनं वाकलं, आणि दिव्याखालचा गोल तुकडा हिरवागार उभा. लोंबच नाही. शेताचा मालक भांडायला नाही आला. त्यानं त्या धानाची एक पेंढी उपटून यांच्या दारात ठेवली आणि निघून गेला.

"मी ते धान हातात घेऊन बसलो बाई. ना रोग, ना कीड. झोपू नाही देल्लं मी त्याले, बस. मंग डोक्यात आलं, धानाले रात लागते, तर रातीवरच जगणाऱ्याचं आपण काय करून राहिलो असू?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खांबाखाली झाडायला सुरुवात केली. हे मला सांगेपर्यंत मी त्यांच्या तोंडी 'मॅडम'ची 'बाई' झाले होते.

उजेडाची जाण मात्र त्यांना त्याआधीची होती. जवानीत दहा-बारा हिवाळे ते एका नाटक मंडळीबरोबर दिवे सांभाळायला फिरले. धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक होतं, आणि पाच-पाच गावची माणसं पोतं अंथरून बसतात. लाखांदूरकडच्या गावांत त्यांना अजून 'लाईटवाले' म्हणूनच ओळखत. ते म्हणत, "सगळ्याईवर उजेड पाडला तर राजा कोण अन् न्हावी कोण, समजत नाही. जो बोलून राहिला त्याच्यावर पाडा. बाकीच्याले अंधारात राहू द्या. त्याले बी आराम, पाहणाऱ्याले बी." मी चार वर्षं प्रकाशाची गणितं सोडवली होती. दिवा कुठे लावायचा ते त्यात होतं. कुठे लावायचा नाही, हे मला या माणसानं पहिल्यांदा सांगितलं.

मग ती गोष्ट घडली. गावातल्या रेखाताईंची मुलगी प्राची, ज्युनिअर कॉलेजला पवनीला जाणारी, संध्याकाळच्या एसटीनं उतरून पाळीवरून येत होती आणि तिला साप चावला. पोरगी भंडाऱ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होती. वाचली. पायावर मोठा व्रण राहिला. त्यानंतरच्या ग्रामसभेत रेखाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पाळीवर उजेड पाहिजे. सरपंच म्हणाले, उंच खांबावरचे मोठे पांढरे दिवे मिळतात, एका नेत्याच्या निधीतून फुकट येतील, तलावासकट सगळं लख्ख. टाळ्या पडल्या. दयारामजी उठले.

"उजेड पाहिजेच. बाईचं खरं आहे. पण रस्त्यावर. तलावावर नाही, चिंचेवर नाही. तेवढा उजेड पडला तर वटवाघळं बाहेरच नाही निघणार, उपाशी मरतीन, नाही तर झाड सोडतीन. पाण्यावर रातीचे बगळे येतात, ते येणार नाही."

रेखाताई फिरल्या. "माझी पोरगी मेली असती दयारामजी! अन् तुमी मले चमगादड सांगता?"

सभेत कोणी हसलं नाही. मी कोपऱ्यात सरकारी कागद घेऊन बसले होते. माझं मन रेखाताईंच्या बाजूला होतं, हे लपवत नाही. अंधारात एसटीतून उतरून चालणं काय असतं, ते मी पाच वर्षं केलं आहे.

दयारामजी तितक्याच शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंत द्या मले. पोरी निवांत आल्या पाहिजे अन् झाड हाललं नाही पाहिजे. दोन्हीतलं एक जरी चुकलं, तर तुमचे खांब मी स्वतः उभे करीन."

गावानं दिवाळीपर्यंत मुदत दिली.

त्यांनी पाळीच्या कडेला कुंपणाचे सिमेंटचे बुटके खांब रोवले, कमरेइतके. प्रत्येकावर एक बल्ब, त्यावर पिप्याच्या पत्र्याची टोपी, आतून चुना, बाहेरून डांबर. तलावाकडची बाजू पूर्ण बंद. उजेड फक्त रस्त्यावर, पायापुढे. टोप्या त्यांनी एकट्यानं कापल्या, एकेक टोपी लावून तलावाच्या पलीकडच्या काठावर जाऊन पाहत, तिथून ठिपका दिसला की परत येऊन पत्रा वाकवत. मी तिथं गेले त्या दिवशी तलावाला वळसा घालून त्यांच्या सात फेऱ्या झाल्या होत्या. त्यांचं वय तेव्हा साठीला टेकलेलं.

दिवे लागले. पोरी आल्या. वटवाघळं नेहमीच्या वेळी उडाली. आणि दर सकाळी दयारामजी त्या दिव्यांखाली झाडत, तर पेट्या रिकाम्या! एखादा पंख, फार तर. ते खास एसटीनं पवनीला आले आणि माझ्यासमोर पेट्या उघडून ठेवल्या. लहान पोरासारखे हसत होते. "पाहा बाई! एक पाखरू नाही मेलं!" मी कौतुकानं अहवालात तसं लिहिलं. माझी सही आहे त्याच्यावर.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"बाई, पेट्या रिकाम्या काहून होत्या, ते समजलं. चूक झाली माझी."

झालं असं की एका संध्याकाळी पोरी गेल्यावर ते पाळीवर तसेच बसून राहिले. पांढऱ्या बल्बांकडे पाखरं येतच होती, टोपी असो नसो. आणि प्रत्येक दिव्याखाली बेडूक बसले होते, मोठे, खरबरीत अंगाचे. पंगतीला बसल्यासारखे. पडलं पाखरू की गट्टम. सकाळपर्यंत झाडायला उरतच नव्हतं काही. तिसऱ्या दिव्यापाशी त्यांनी मान वळवली तर गवतातून नाग आला आणि त्यानं एक बेडूक उचलला. रस्त्याच्या मध्यावर. पोरी गेल्याला पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

कोणी पाहिलं नव्हतं. कोणाला कळणार नव्हतं. दिवाळीला थोडे दिवस होते. माझ्या सहीचा अहवाल त्यांच्या बाजूनं होता. त्यांच्या जागी मी असते तर गुपचूप बल्ब बदलले असते आणि तोंड मिटून बसले असते. हे मी आज लिहू शकते, कारण त्यांनी काय केलं ते मला माहीत आहे. ते पाळीवरून उठले, मेन स्विच पाडला, आणि सरळ रेखाताईंच्या घरी गेले.

हे मला नंतर प्राचीनं सांगितलं. तिची आई भाकरी थापत होती. दयारामजी उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "रेखाबाई, तुमच्या पोरीच्या वाटेवर मीच सापाले ताट वाढलं." मग सगळं सांगितलं, पाखरू, बेडूक, नाग. रेखाताईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "अन् हे तुमी मलेच सांगाले आले?"

"मंग कोणाले सांगू? तुमचीच पोरगी आहे."

"परवा सभा आहे. मी काय म्हणीन, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तोपर्यंत पोरीईले मी आणतो."

त्या दिवसापासून रोज एसटीच्या वेळी ते त्या टोकाला जाऊन उभे राहत. पुढे टॉर्च घेऊन ते, हातातली काठी जमिनीवर आपटत, मागे पोरींची रांग. रांगेतून आवाज येई, "बाबाजी, जल्दी चाला ना, भूक लागली!" "जल्दीच चालून राहिलो वो पोट्टे, तुझ्या मोबाईलनंच पाय अडकते तुझा."

आणि सभेच्या आदल्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर बसले होते. या वेळी काडीपेट्या नव्हत्या. त्यांनी टेबलावर दोन्ही पंजे ठेवले आणि एक गोष्ट सांगितली. नाटकात एकदा गाणं चालू असताना हिरोइनच्या तोंडात पाखरू गेलं. ती ठसकली, पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, मॅनेजरनं यांना शिव्या दिल्या. तेव्हापासून गाण्याला ते पांढरा दिवा बंद करून पिवळ्या कागदाचा लावत. पिवळ्यावर पाखरं फार कमी येत. "हे मले माहीत होतं बाई. तीस वर्षांपासून. अन् पाळीवर मी पांढरा लावला, काहून की पिवळ्याची मले लाज वाटली. गावाले दिसलं पाहिजे ना, दयारामनं उजेड केला!"

"मग पिवळा लावू," मी म्हटलं.

"पिवळा तर लावूच. पण पिवळ्यावर बी थोडे येतीनच. रातभर जळला तर जमा होतीन. तो जळलाच नाही पाहिजे. पोरी चालतीन तेवढाच." मग त्यांनी कानावरचा टेस्टर काढला आणि माझ्या कोऱ्या कागदावर टोकानं रेघ ओढली. शाई नव्हती, नुसता ओरखडा. "बाई, जिन्याचा दिवा कसा राहते? खाली दाबा, लागते. वर जाऊन दाबा, बंद होते. तसा या पाळीले नाही होणार का?"

मी त्या ओरखड्याकडे पाहत राहिले. जिन्याची वायरिंग, पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. मी ती शंभर वेळा काढली असेल. अर्धा किलोमीटर पाळ आडवी टाकलेला जिना आहे, हे माझ्या डोक्यात आलं नसतं. माझं जे काम होतं ते मी केलं, आणि चोख केलं. एवढ्या लांब तारेत विजेचा दाब किती घटेल, तार किती जाड लागेल, दोन टोकांचे स्विच पावसात कसे टिकतील, सगळं त्या बैठकीत काढून सही ठोकली. पिवळसर केशरी बल्ब नागपूरहून मागवायचं माझ्याकडे घेतलं. ते मान डोलवत माझा आकडा न् आकडा ऐकत होते. उठताना म्हणाले, "तुमी शिकल्या म्हून होऊन राहिलं हे." मला ते खरंच वाटलं, आणि अजून वाटतं.

सभेत सरपंच मोठ्या खांबांचा कागद घेऊन तयारच होते. दयारामजींनी आपली चूक सगळ्यांसमोर पुन्हा सांगितली, मग जिन्याचा बेत सांगितला. गलका झाला. "अजी, पोरीईच्या हातात स्विच? लाईट चालू ठेवून जातीन!" "सापाले काय बटन दाबता येते?" मग सगळे रेखाताईंकडे पाहायला लागले. त्या उठल्या.

"साप उजेडाखाली काहून येते, हे या माणसानं शोधलं, अन् मले येऊन सांगितलं. मोठे दिवे लावले तर मोठी पंगत बसन, हे तरी आता समजलं ना सरपंचजी तुमाले? लावू द्या त्याईले. पण आधी मी चालीन. माझ्या पायानं. मंग सांगीन."

तार ओढायला, स्विच बसवायला आठवडा गेला. काम पुरं झालं त्या संध्याकाळी अर्धं गाव पाळीच्या या टोकाला जमलं होतं. रेखाताई स्वतः त्या टोकाला गेल्या होत्या, आणि दयारामजींना टॉर्च घेऊन यायला त्यांनी मनाई केली होती. ते आमच्यात उभे होते, टेस्टर कानावरून काढून हातात घट्ट धरलेला. एसटीचा आवाज आला, थांबला. मग सगळी पाळ एकदम लागली. झगझगाट नाही, शेणानं सारवलेल्या अंगणात समई ठेवावी तसा उजेड, जमिनीलगत. त्यातून मायलेकी चालत आल्या. रेखाताई प्रत्येक दिव्याशी थांबत, वाकून बुडाशी पाहत, मग पुढे निघत. हे मान खाली घालणं कोणाचं, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. या टोकाला आल्यावर त्यांनी हात वर करून स्विच दाबला. पाळ विझली.

"उजेड पुरते," अंधारातून त्यांचा आवाज आला. "पण हे बटन खाली घ्या. सातवीतल्या पोरीचा हात नाही पोहोचत."

दयारामजींनी तिथंच खिशातून पक्कड काढली. त्याच वेळी, मोबाईलच्या उजेडात, त्यांनी तो स्विच हातभर खाली घेतला. त्यांच्या कामाला गावानं दिलेली दाद एवढीच.

पुढे माझं काम भंडाऱ्याला गेलं, मी कारध्याला खोली घेतली, आणि पिंपळबोडीला जाणं सुटलं. मागच्या हिवाळ्यात लाखांदूरहून परतताना मुद्दाम उतरले. दुपारची वेळ होती, काशीबाईंनी जेवूनच सोडलं. दयारामजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण तोवर त्यांना समोरचा माणूस धुरकट सावलीसारखा दिसे. पंचायतीचं काम दुसऱ्या वायरमनकडे गेलं होतं. "तरी सांजच्याले तिथंच जाऊन बसते," काशीबाई म्हणाल्या. "काय दिसते देवाले माहीत."

मी त्यांच्याबरोबर पाळीवर गेले. स्विचशेजारच्या दगडावर आम्ही बसलो. सूर्य बुडाला, आकाशातला तांबूसपणा गेला, आणि चिंचांतून वटवाघळं सुटायला लागली. आधी एक-दोन, मग थवेच्या थवे, तलावावरून जंगलाकडे. आवाज नाही, फक्त पंखांची हवा. दयारामजी मान थोडी तिरकी करून बसले होते.

त्याच वेळी त्या टोकाला एसटी थांबली. पाळ लागली. सहा-सात मुली दप्तरं घेऊन निघाल्या, कोणाची तरी नक्कल करत, खिदळत. उजेड त्यांच्या कमरेपर्यंत होता, त्याच्या वर काळोख. आणि त्या काळोखातून, त्यांच्या डोक्यांवरून, वटवाघळांचा तो लोंढा न वळता, न थबकता वाहत होता.

"बाई, खाली पोट्ट्या आहेत?"

"आहेत."

"वर?"

"वर वटवाघळं आहेत. जाऊन राहिली."

ते जरा पुढे झुकले. "वटवाघळं बिचकून राहिली का? पोट्ट्या वर पाहून राहिल्या का?"

"नाही. कोणी कोणाकडे पाहत नाही."

"हां," ते म्हणाले, आणि पाठ स्विचच्या खांबाला टेकवून बसले. मुली जवळ आल्या. सगळ्यांत धाकटीनं आमच्याकडे न पाहता, बोलणं न थांबवता, हात आडवा करून बटन दाबलं, आणि गावाकडे पळाली.